एकट्याने मोहीम मांडायची तर पंच कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. टेबलावर फासे आणि मोजपट्टी घेऊन खेळायच्या युद्धखेळासाठी विज्ञानकथेतल्या सैनिकांची चौदा छोटी प्यादी तुम्ही रंगवून ठेवलीत. सोलापुरात सोबत खेळणारं कुणी नाही, पुण्याचा मित्र वर्षातून दोनदा येतो. म्हणून दोन्ही बाजू स्वतःच चालवून तीन लढाया खेळलात आणि चौथ्या वेळी डबा उघडावासाच वाटला नाही, कारण तुमच्याच शब्दांत, ‘कोण जिंकणार हे शेवटी मीच ठरवत होतो.’ आता एका लढाईतून दुसरी निघत जाईल अशी एकट्याची मोहीम कशी मांडायची, हे तुम्हाला हवंय.

साखर पेठेतल्या घरात, जेवणाच्या टेबलावर मी हे अकरा वर्षं करतोय आणि त्यातला बहुतेक काळ एकट्यानेच. तुमचं ते वाक्य वाचलं आणि दुखणं कुठे आहे ते लगेच दिसलं. तुम्हाला वाटतंय की प्रतिस्पर्धी नाही म्हणून खेळ बेचव झाला. माझ्या मते तुमच्याकडे पंच नाही.

या खेळाचं मूळ पाहिलं की हे स्पष्ट होतं. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइस्विट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने नकाशावरच्या युद्धखेळाचे नियम मांडले. त्यात दोन्ही पक्ष आपले हुकूम पंचाला देत. पंच फासे टाकून निकाल लावी आणि ज्याला जेवढं दिसायला हवं तेवढंच दाखवी. १९८७ साली ‘वॉरहॅमर ४०,०००’ या विज्ञानकथेतल्या प्याद्यांच्या युद्धखेळाची पहिली आवृत्ती आली, तिच्यातही दोन खेळाडूंखेरीज खेळ चालवणारा तिसरा माणूस धरलेला होता. पुढे तो तिसरा गळाला, कारण समोर बसलेला खेळाडूच ते काम करू लागला. ‘तो भिंतीमागे आहे, तुला दिसत नाही.’ ‘सहा इंच झाले, आता थांब.’ एकटे बसलो की हे म्हणणारं कुणी उरत नाही. नियम तेच, फासे तेच, पण आपल्याला धरून ठेवणारा नाही.

म्हणून पंचाची खुर्ची मी वहीला दिली आहे. साधी दोनशे पानी वही. तिचा नियम एकच: फासा टाकण्याआधी लिहायचं आणि टाकल्यावर खोडायचं नाही. हा नियम मला माझ्या पहिल्या मोहिमेने शिकवला. त्या मोहिमेत माझी कप्तान तिसऱ्या लढाईत पडली आणि पडलेल्याचं काय होतं ते ठरवणाऱ्या जखमेच्या फाशाने ती मेली असं सांगितलं. तिच्या कोटावर मी सलग चार रात्री काम केलं होतं. मी फासा उचलला आणि पुन्हा टाकला. ती वाचली. पुढच्या दोन लढायांत तिला उघड्यावर पाठवताना मला काहीच वाटलं नाही, कारण ती मरणार नाही हे मला माहीत झालं होतं. पाचव्या लढाईनंतर ती मोहीम मी बंद केली. पणाला लावायला काही उरलंच नव्हतं.

नियमपुस्तकाबद्दल फार खल करू नका. ‘फाइव्ह पार्सेक्स फ्रॉम होम’ हा खेळ एकट्यासाठीच लिहिलेला आहे. त्यात सहा जणांची टोळी असते आणि प्रत्येक मुक्कामावर काय घडतं ते तक्त्यांवरून ठरतं. खर्च नको असेल तर ‘ग्रिमडार्क फ्यूचर’चे मूळ नियम फुकट मिळतात आणि नेहमीच्या सहा बाजूंच्या फाशांवर चालतात. त्याचंच थोड्या प्याद्यांसाठीचं रूप ‘फायरफाइट’ या नावाने आहे, तेच घ्या. तुमची चौदा प्यादी कुठल्या कंपनीची आहेत याने काही बिघडत नाही. आधी येत असलेले नियम असतील तर तेच वापरा. एकट्याने दोन्ही बाजू सांभाळताना पान उलटून शोधावं लागलं की लय तुटते. मी पुढे जे सांगतोय ते कुठल्याही नियमांवर चढवता येतं.

चौदातली सहा तुमची, बाकी आठ शत्रू. टेबल दोन फूट बाय दोन फूट पुरे, फार तर तीन बाय तीन. एका संध्याकाळी, दीड तासात, लढाई आणि वहीतली नोंद दोन्ही झाली पाहिजे. मोठं टेबल आणि तीस प्यादी घेऊन बसलेली माणसं दोन लढायांनंतर थकलेली मी पाहिली आहेत.

आता जग. इथे मला मनापासून सांगायचंय की दुसऱ्याने लिहिलेलं आकाशगंगेचं साम्राज्य उचलू नका. तुम्ही सोलापुरात राहता. कोरड्या ग्रहावर माणसं कशी राहतील याचा अभ्यास तुमचा जन्मापासून झालेला आहे. सुमारे ११० किलोमीटरवरच्या उजनी धरणातून जलवाहिनीने शहराला पाणी येतं, ते काही दिवसांआड नळाला येतं, त्या दिवशी घरातलं सगळं वेळापत्रक पाण्याभोवती फिरतं, टँकर कधी येणार हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हे सगळं उचलून दुसऱ्या सूर्याखाली ठेवा. माझ्या सध्याच्या मोहिमेतला ग्रह असाच आहे. ध्रुवावरच्या बर्फाच्या धरणातून एकच वाहिनी निघते आणि तिच्यावर अकरा वस्त्या जगतात. वाहिनी एका कंपनीच्या ताब्यात आहे. बंद पडलेल्या गिरण्यांच्या चिमण्यांखाली लोक किरणांपासून वाचवणारं कापड विणतात आणि पाण्याच्या बदल्यात देतात. पैसा म्हणजे पाण्याचे कॅन.

माझ्या टोळीच्या जहाजाचं नाव ‘माळढोक’ आहे. नान्नजच्या माळावर तो पक्षी पाहायला वडील मला न्यायचे. तेव्हाही तो क्वचित दिसायचा, आता तर मोजकेच उरलेत. कर्ज काढून चालवलेल्या, कधीही नाहीसं होऊ शकणाऱ्या जहाजाला हेच नाव शोभलं. टोळीत यल्लव्वा कप्तान, नरसय्या यंत्रं सांभाळणारा, इक्बाल वैमानिक, धोंडी, गंगू आणि एक यंत्रमानव ज्याला सगळे ‘मुकादम’ म्हणतात. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत ऐकत वाढलेल्या माणसाला अवकाशातलं बंदर कसं असेल याची कल्पना करायला वेगळं काही वाचावं लागत नाही. नावं ओळखीची असली की प्यादं पडताना आत काहीतरी हलतं, आणि एकट्याच्या खेळात हीच सर्वात मोठी कमाई आहे.

मात्र जगाचा इतिहास लिहीत बसू नका. वहीच्या पहिल्या पानावर तीनच गोष्टी हव्यात: टोळीला काय हवंय, ती कुणाचं काय देणं लागते आणि तिने काहीच केलं नाही तर काय बिघडत जाईल. माझ्या पानावर असं आहे: शेवटच्या वस्तीची टाकी भरायची आहे, जहाजाचा हप्ता दर लढाईमागे दोन कॅन आहे, टाकी रिकामी झाली की वस्ती उठेल आणि वाहिनीचं टोक कंपनीच्या घशात जाईल.

ही तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि मग मोहीम म्हणजे सुट्या लढायांची माळ होते. तिच्यासाठी वहीत एक टाकी काढा, आत आठ रेघा. प्रत्येक लढाईनंतर, जिंका किंवा हरा, एक फासा टाका. १ आला तर पातळी तशीच, २ ते ५ आला तर एक रेघ खाली, ६ आला तर दोन. सरासरी एका लढाईला एक रेघ बसते, म्हणजे हातात साधारण आठ लढाया. पाणी आणण्याची लढाई जिंकली की एक रेघ वर. आता दर वेळी तुमच्यापुढे खरी निवड उभी राहते: हप्त्यासाठी कमाईचं काम घ्यायचं की टाकीसाठी फुकटचं? ही निवड करताना मी अनेकदा दिवा मालवून पडलो आणि तरी जागाच राहिलो. समोर माणूस असूनही एवढी घालमेल झाली नव्हती.

हिशेब असा ठेवा की जिंकूनही हात तंग राहील. माझा सांगतो. सुरुवातीला १२ कॅन. प्रत्येक जिवंत माणूस दर लढाईमागे एक कॅन पितो. यंत्रमानव पीत नाही, पण त्याच्या तेलाला एक कॅन जातो. म्हणजे सहा, अधिक हप्त्याचे दोन, एकूण आठ. लढाई जिंकली तर दोन फाशांची बेरीज मिळते, सरासरी सात. हरली तर एका फाशाइतकं. म्हणजे जिंकल्यावरही सरासरी एक कॅन कमी पडतो, तो टेबलावरच्या लुटीतून भरून काढायचा. त्यामुळे शत्रू पळाला तरी माझं एखादं माणूस जीव धोक्यात घालून कोपऱ्यातली पेटी उचलायला जातंच. हप्ता चुकला तर मोहीम संपत नाही. पुढची लढाई वसुलीवाल्यांशी, आणि ती त्यांनी निवडलेल्या जागी. हरण्यातून नवा प्रसंग निघाला पाहिजे, हे पक्कं लक्षात ठेवा. टोळी बळकट होत गेली की उलटा धोका येतो, प्रत्येक लढाई सोपी होते. त्यावर उपाय सरळ आहे: टोळीतल्या तीन बढत्यांमागे शत्रूचा एक चिंचोका वाढवायचा.

चिंचोके कशाला ते सांगतो, कारण एकट्याच्या खेळातला धुकटपणा तिथूनच येतो. शत्रूची प्यादी आधी मांडायचीच नाहीत. सहा चिंचोके घ्या, टेबलाचे सहा भाग करून फाशाने ठरवून एकेक ठेवा. तुमचं कुणी आठ इंचांच्या आत आलं आणि नजर पोचत असेल तर त्या चिंचोक्यासाठी फासा टाका. १-२ म्हणजे काही नव्हतं, वारा होता. ३-४ म्हणजे एक शत्रू. ५ म्हणजे दोन. ६ म्हणजे म्होरक्या. सहा चिंचोक्यांतून सरासरी पाच शत्रू निघतात, पण एखाद्या रात्री दोनच निघतात आणि एखाद्या रात्री आठही. आठही प्यादी उभी राहिली तर पुढचा चिंचोका रिकामा धरायचा. दाराआड काय आहे हे मलाही माहीत नसतं, हा अनुभव दोन्ही बाजू स्वतः मांडल्यावर कधीच येत नाही.

शत्रूने काय करायचं हा तुमच्या प्रश्नाचा गाभा, म्हणून इथे जरा थांबतो. बहुतेक पुस्तकांत शत्रूच्या वागण्याचे तक्ते असतात: इतका फासा आला तर पुढे सर, इतका आला तर आड घे. ते वापरा, पण नुसत्या तक्त्यावर चालणारा शत्रू वेड्यासारखा वागतो. हातात पेटी असलेला लुटारू अचानक उलट्या दिशेने धावतो आणि खेळावरचा विश्वासच उडतो. मी आधी त्याला काय हवंय ते लिहितो. जलवाहिनीच्या पहारेकऱ्याला आपली जागा सोडायची नाही, नोकरी आहे त्याची. बारा इंचांत कुणी दिसलं तर गोळी, नाहीतर जागेवरच, आणि शेजारचा पडला तर एकाने भोंग्याकडे पळायचं. टँकर लुटणाऱ्याला तुम्ही नकोच आहात, त्याला कॅन हवेत; तो जवळच्या कॅनकडे आडोशा-आडोशाने सरकतो, वाटेत कुणी आलं तरच मारतो, आणि निम्मे साथीदार पडले की पळतो. कंपनीचं यंत्र शेवटचा गोळीबार जिथे झाला त्या दिशेने सरळ चालत येतं, आडोसा घेत नाही, पळत नाही. प्रत्येकाला दोन-तीन ओळी. हे सगळं एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मावलं पाहिजे. मावलं नाही तर लढाईत तुम्ही ते वाचणार नाही.

त्यावर एक फासा ठेवायचा. शत्रूची पाळी आली की टाका. २ ते ५ आला तर लिहिल्याप्रमाणे. १ आला तर तो कचरला, आडोशातच राहील. ६ आला तर धाडस करील, अंगावर येईल. दोन सारखेच पर्याय असतील तर सम-विषम. बस. याहून गुंतागुंतीची यंत्रणा मी दोनदा लिहिली आणि दोन्ही वेळा फाडली.

तरीही हात झुकतोच. आपल्याला कळतही नाही आणि शत्रू खिडकीपासून अर्धा इंच बाहेर उभा राहतो, नेमका आपल्या नेमबाजाच्या नजरेत. याला माझ्याकडे दोन उपाय आहेत. फेरी सुरू होण्याआधी माझ्या सहाही जणांचा हुकूम वहीत एका शब्दात लिहितो: ‘झडप’, ‘आड’, ‘पेटी’, ‘झाकण’. झडप म्हणजे शत्रूच्या अंगावर जाणं, झाकण म्हणजे दुसऱ्याला गोळीबाराने संरक्षण. नंतर परिस्थिती बदलली तरी हुकूम बदलायचा नाही. फक्त कप्तान चार इंचांत असेल तर बदलता येतो. दुसरा उपाय अंगमेहनतीचा आहे. शत्रूला हलवताना मी उठून टेबलाच्या पलीकडे जातो आणि गुडघ्यावर बसून प्याद्याच्या उंचीवरून पाहतो. तिथून आपलीच टोळी भीतीदायक दिसते आणि आडोसे वेगळे दिसतात. आई एकदा दारात उभी राहून म्हणाली, ‘एकटाच कुणासंगं भांडायलास रे?’ मी म्हणालो, वाहिनीच्या पहारेकऱ्यांशी. तिने आत येऊन विचारलं की ते पहारेकरी कुणाचे, पगार कोण देतं त्यांना. त्या प्रश्नातून माझ्या मोहिमेत पहारेकऱ्यांचा संप आला आणि तीन लढाया त्याच्याभोवती झाल्या.

पाळीसाठी पत्त्यांचा जोड वापरा. सहा लाल पानं तुमची, सहा काळी शत्रूची, दोन जोकर. पिसून एकेक पान उलटायचं. लाल आलं तर तुमचा एक, काळं आलं तर त्यांचा एक. अजून उघडलेला शत्रू नसेल तर तुमच्या सर्वात जवळचा चिंचोका चार इंच सरकतो. पहिला जोकर म्हणजे काहीतरी घडतं, दुसरा म्हणजे फेरी संपली, राहिलेल्यांची पाळी गेली. हिशेबाने बारांपैकी सरासरी आठच पानं निघतात. म्हणजे बहुतेक फेऱ्यांत कुणीतरी अडकून राहतं, आणि कोण ते ठरलेलं नसतं. आपल्याकडे पंख्याशिवाय बसवत नाही, म्हणून पत्ते स्टीलच्या डब्यात ठेवा, नाहीतर दोन फेऱ्यांत जोकर खाटेखाली जातो.

पहिल्या जोकरला काय घडतं ते मी प्रश्न विचारून ठरवतो. प्रश्न हो-नाहीचा असावा आणि आधी लिहिलेला असावा. १ म्हणजे नाही आणि वर संकट. २-३ नुसतं नाही. ४-५ हो. ६ म्हणजे हो आणि वर काही चांगलं. चौथ्या लढाईचं उदाहरण देतो. पंपाच्या खोलीपर्यंत नरसय्या पोचला होता, हुकूम ‘पेटी’. जोकर निघाला. मी लिहिलं: ‘झडपेच्या चाव्या आतच आहेत का?’ फासा १. चाव्या नाहीत, आणि वर संकट. मी वाहिनीचा भोंगा वाजवला आणि टेबलाच्या कडेला दोन चिंचोके वाढवले. पुढचं पान लाल निघालं असतं तरी नरसय्याला मागे फिरवता आलं नसतं, कारण कप्तान चार इंचांत नव्हती आणि त्याचा हुकूम तोच राहणार होता. निघालं काळं, मग पुन्हा काळं, मग दुसरा जोकर. खोलीच्या दारात तो एकटा उभा राहिला. त्या रात्री पाणी आणता आलं नाही, टाकीची एक रेघ उतरली आणि नरसय्याला जखमेचा फासा टाकावा लागला.

जखमेच्या फाशाचा विचार मोहीम सुरू करण्याआधी करा, कारण तिथे गणित फसवं असतं. समजा तुम्ही ठरवलंत की पडलेल्या माणसासाठी एक फासा, आणि १ आला तर मेला. सहात एक, फार वाटत नाही. पण एखादा माणूस सरासरी तीन लढायांत एकदा पडत असेल तर दर लढाईला त्याच्या मरणाची शक्यता अठरात एक होते, आणि बारा लढाया टिकण्याची शक्यता निम्म्यावर येते. म्हणजे मोहिमेअखेर सहांतले तीन जातील. एवढा वियोग हवा असेल तर तसंच ठेवा. मला हवा असतो. नको असेल तर दोन फासे टाका आणि दोन्हींवर १ आला तरच मरण धरा. मग बारा लढाया टिकण्याची शक्यता ८९ टक्क्यांच्या आसपास जाते आणि एखाद-दुसराच गमावता. मधला मार्ग मला सर्वात आवडतो: एका फाशावर १ म्हणजे ‘जखम विसरता येणार नाही’. एक डोळा गेला, पाय लंगडा झाला, आता तो चार इंचच चालतो. दुसऱ्यांदा १ आला तर मरण. नरसय्या त्या रात्री असा लंगडा झाला. नंतर त्याला घेऊन लढाई आखायची म्हणजे सगळ्या टोळीचा वेग त्याच्या पायाने मोजायचा, आणि त्यामुळे कितीतरी निर्णय बदलले. जे ठरवाल ते पहिल्या पानावर शाईने लिहा.

नकाशा साधा ठेवा: अकरा-बारा ठिपके, त्यांना जोडणाऱ्या रेघा, प्रत्येक ठिपक्याला नाव आणि तिथल्या कुणाचं तरी एक गाऱ्हाणं. गाऱ्हाणं असेल तिथे काम असतं. नकाशावर याहून जास्त वेळ घालवू नका.

टेरेनसाठी, म्हणजे टेबलावरच्या इमारती-टेकड्यांसाठी, सोलापूरसारखं गाव नाही. यंत्रमागावरचे सुताचे रिकामे कोन, कागदी किंवा प्लॅस्टिकचे, उलटे ठेवले की शीतकरणाचे मनोरे होतात. रिकाम्या कांड्या आडव्या जोडल्या की जलवाहिनी. ओळखीच्या कारखान्यात विचारलं तर फुटकेतुटके पिशवीभर देतात. गड्डा यात्रेत होम मैदानावर मिळणारे प्लॅस्टिकचे ट्रक आणि रणगाडे चाकं काढून, एकाच रंगाने झाकून उत्तम पडीक यंत्रं होतात. टेकड्यांसाठी पुस्तकांवर चादर टाकायचा मोह होईल. आपली सोलापुरी चादर त्या कामाला जाड पडते, तिच्या विणीवर प्याद्याचा २५ मिलिमीटरचा बेस, म्हणजे खालची चकती, डुगडुगतो. जुनं धोतर किंवा मांजरपाट चहाच्या पाण्यात रंगवून टाका. थर्माकोल कापून इमारती कराल तर स्प्रे थेट मारू नका, त्यातल्या द्रावकाने थर्माकोल विरघळतो. आधी फेव्हिकॉलचा हात, वर अॅक्रिलिक, मग हवं ते.

उन्हाळ्याचंही सांगून ठेवतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना दुपारी प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, स्प्रे मारलात तर रंग प्याद्यावर पोचेपर्यंत हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग रवाळ होतो. पहाटे सहाला गच्चीवर, वारा नसलेल्या जागी मारा. रंग पटकन सुकू नयेत म्हणून जेवणाच्या चपट्या डब्यात ओला स्पंज, वर बेकिंगचा कागद, आणि त्यावर रंग घ्या. झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही वापरता येतात. थ्रीडी प्रिंटरवर पीएलए नावाच्या प्लॅस्टिकची प्यादी काढून घेत असाल तर ती स्कूटरच्या डिकीत ठेवून उन्हात उभी करू नका. ते प्लॅस्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि बंद डिकी तेवढी तापू शकते.

खेळायचा वार ठरवून घ्या, आणि तो पाणी येण्याचा दिवस नको. त्या दिवशी मन टेबलावर लागत नाही. लढाई संपली की लगेच, टेबल आवरण्याआधी, तीनच ओळी लिहा: काय झालं, कुणाचं काय गेलं, आता कोण चिडलंय. तिसरी ओळ पुढच्या लढाईचं बीज असते. लांबलचक कथा लिहायची हौस असेल तर जरूर लिहा, पण ती रविवारी. लढाईच्या रात्री तीन ओळींच्या वर गेलात तर पुढच्या वेळी वही उघडायचा कंटाळा येतो आणि वही बंद म्हणजे पंच गेला.

मोहिमेला शेवट हवा. टाकी रिकामी झाली किंवा काठोकाठ भरली की ती संपली, मग टोळी कितीही लाडकी असो. एक मोहीम संपली की मी दोन-तीन आठवडे काही खेळत नाही, फक्त रंगवतो. गेलेल्यांच्या बेसच्या तळाशी बारीक ब्रशने नाव आणि लढाईचा आकडा लिहितो, आणि ते प्यादं पुन्हा त्याच नावाने उभं करत नाही. माझ्या कपाटात वरच्या फळीवर आता सतरा आहेत. माझा एखादा मित्र आला की त्यातलं एकेक उचलून तळ वाचतो आणि विचारतो, ‘हा कसा गेला?’ वही काढून मी त्याला ते पान दाखवतो.